माउंट केलेल्या ड्राइव्हवर फाइलींची यादी हळू येणं

माउंट केलेला ड्राइव्ह म्हणजे दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपल्याच कॉम्प्युटरमधला फोल्डर असल्यासारखी जोडून घेतलेली, मग ती एनएफएसने असो, एसएमबीने असो नाहीतर एसएसएचएफएसने (या सगळ्या नेटवर्कवरून डिस्क जोडायच्या पद्धती). यात एक गोष्ट हमखास दिसते, 2 जीबीची फाइल झपाट्याने कॉपी होते पण फोल्डर उघडला की यादी यायला मिनिटं लागतात, आणि सगळे नेटला दोष देऊन मोकळे होतात. खरं तर बहुतेक वेळा अडतं ते स्पीडवर नाही, फेऱ्यांवर (आपण विचारायचं आणि सर्व्हरने, म्हणजे त्या दुसऱ्या मशीनने, उत्तर द्यायचं, ही एक फेरी).

फाइलींची नावं सर्व्हरकडून गठ्ठ्याने येतात. पण साइज, तारीख, परमिशन हवी असेल तर (एलएस या यादी दाखवणाऱ्या कमांडला -एल लावलं की तेच मागितलं जातं) एकेका फाइलीसाठी वेगळं विचारावं लागू शकतं. 10,000 फाइली, ऑफिसच्या लॅनवर फेरीला 1 मिलिसेकंद, म्हणजे 10 सेकंद. तोच सर्व्हर अमेरिकेत आणि तुम्ही पुण्यात, फेरीला 200 मिलिसेकंद धरले तर 2,000 सेकंद, अर्ध्या तासाच्या वर! इथे नेटचा महागातला प्लॅन घेऊन काडीचाही फरक पडत नाही. हीच अडचण ओळखून 1995 च्या एनएफएस व्हर्जन 3 मध्ये रीडडिरप्लस नावाची विनंती आली, नावांसोबत माहितीही एकदमच.

म्हणून आधी मोजायचं, मग सेटिंगला हात लावायचा. बऱ्याच लिनक्समध्ये नुसतं एलएस टाइप केलं तरी रंगांचा ऑप्शन आपोआप लागलेला असतो आणि रंग ठरवायलाही फाइलीची माहिती लागते, त्यामुळे एलएसच्या आधी बॅकस्लॅश देऊन (म्हणजे तो ऑप्शन लागत नाही), -कॅपिटल यू लावून (म्हणजे सॉर्टिंगही नको) टाइम या वेळ मोजणाऱ्या कमांडखाली चालवायचं, मग तेच -एल लावून. पहिलं पटकन आणि दुसरं रडतखडत आलं तर दुखणं फेऱ्यांचंच. एसट्रेसखाली (प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय काय मागतो ते दाखवणारं टूल) चालवलं की स्क्रीनवर स्टॅटएक्सच्या, म्हणजे फाइलीची माहिती मागणाऱ्या, ओळी एकाखाली एक, प्रत्येकीत एक फाइल, अशा ठिबकताना दिसतात, ते एकदा बघाच, मग वेगळं समजवावं लागत नाही. -एल हळू आणि -एन (तीच यादी, पण युजरच्या नावाऐवजी नंबर) फास्ट असेल तर मात्र घोटाळा युजरची नावं शोधण्यात आहे, ड्राइव्हला उगाच बोल लावू नका.

एनएफएसमध्ये ही माहिती फाइलीसाठी 3 ते 60 सेकंद आणि फोल्डरसाठी 30 ते 60 सेकंद कॅशमध्ये (आपल्याच मशीनवर तात्पुरती साठवलेली) राहते, माउंट करतानाच्या एसीटाइमिओ या ऑप्शनने ती मुदत वाढवता येते. जुन्या फोटोंच्या फोल्डरला जरूर वाढवा, पण चारजण एकाच वेळी लिहितात तिथे नको, दुसऱ्याने केलेला बदल तुम्हाला उशिरा दिसेल आणि कोणाचंतरी काम वाया जाईल.

सांबाची, म्हणजे लिनक्स सर्व्हरवर एसएमबी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट वेगळी. विंडोजला लहान-मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत, त्यामुळे एखादं नाव नाहीच हे ठरवायला सांबा अख्खा फोल्डर चाळतो, म्हणून मोठ्या फोल्डरसाठी केस सेन्सिटिव्ह (लहान-मोठी अक्षरं वेगळी धरायचं सेटिंग) चालू करतात. फाइल मॅनेजरमध्ये थंबनेल बंद करणं हा तर सगळ्यात सोपा उपाय, कारण थंबनेलसाठी फाइल उघडून वाचावी लागते.

तरी पक्का इलाज म्हणजे एका फोल्डरमध्ये लाखभर फाइली कोंबायच्याच नाहीत. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) जसं हॅशच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या कोडच्या, पहिल्या दोन अक्षरांवरून 256 सबफोल्डर करतं तसं केलं की लाखाचे प्रत्येकी साधारण 400 होतात.