लेडी गागासोबत गाणारे ते सूटमधले आजोबा

लेडी गागाच्या शेजारी सूट घालून जॅझ गाणारे ते आजोबा आठवतात ना, टोनी बेनेट? आपल्याकडे बऱ्याच जणांना ते गागामुळेच कळले, पण तोवर साठेक वर्षं ते हेच करत होते.

खरं नाव अँथनी डॉमिनिक बेनेडेट्टो, जन्म १९२६, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला. वडील इटलीतल्या कलाब्रियाचे, किराणा दुकान होतं, पोरगं दहा वर्षांचं असताना ते गेले आणि मग आईने शिवणकाम करून घर चालवलं. शाळा सोळाव्या वर्षी सुटली, वेटरचं काम करता करता गाणं चालू, तेवढ्यात १९४४ ला आर्मीत भरती. जर्मनीत डाखाऊ या नाझी छळछावणीची एक उपछावणी मोकळी करताना त्यांची तुकडी होती, आणि पुढे तिथेच एका काळ्या दोस्ताला जेवायला सोबत नेलं म्हणून साहेबाने रँक काढून घेतली! काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या १९६५ च्या सेल्माच्या मोर्चात हा माणूस का गेला ते इथे कळतं.

परत आल्यावर जो बारी नावाने गायचे, १९४९ मध्ये प्रसिद्ध विनोदी नट बॉब होपने ते नाव बाद करून टोनी बेनेट केलं. १९५१ ला पहिलं नंबर वन गाणं. त्यांचं सगळ्यात गाजलेलं सॅन फ्रान्सिस्कोवालं गाणं, 'आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को', १९६२ चं, त्याचा कागद म्हणे पियानोवादक राल्फ शॅरनच्या शर्टांच्या कप्प्यात पडून होता, आणि रेकॉर्ड निघाली तेव्हा ते बी साइडला, म्हणजे तबकडीच्या मागच्या, दुय्यम बाजूला होतं.

मग रॉक आलं. त्यांची रेकॉर्ड कंपनी कोलंबिया मागे लागली की आजची हिट गाणी गा, यांनी १९७० ला एक अल्बम केलाही, पण रेकॉर्डिंगच्या आधी उलटी झाली म्हणतात. कंपनी सुटली, स्वतःचं लेबल काढलं ते बुडालं, कोकेन, टॅक्सवाल्यांचा तगादा, १९७९ ला तर जीवावरच बेतलं. तेव्हा मोठा मुलगा डॅनी मॅनेजर झाला आणि त्याचं डोकं बघा, बापाची गाणीही बदलली नाहीत आणि सूटही नाही, फक्त तरुण पोरांसमोर नेऊन उभं केलं. १९९४ ला एमटीव्ही अनप्लग्ड हा टीव्हीवरचा कार्यक्रम आणि त्याचा अल्बम, त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी. वय अडुसष्ट!

गागा त्यानंतरची, तीही न्यूयॉर्कची इटालियन, आडनाव जर्मनोटा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी थिएटरला दोघांचे शेवटचे शो झाले तेव्हा टोनीला अल्झायमर होता, पंचाण्णवावं वर्ष पूर्ण. त्याच वर्षी दोघांचा अल्बम आला, गाणी सगळी कोल पोर्टर या जुन्या अमेरिकन गीतकार-संगीतकाराची, म्हणजे बरीचशी टोनीच्या लहानपणच्या काळातली. २१ जुलै २०२३ ला गेले.