बर्फ राखाडी आलाय की निळा?

गुलमर्गहून परतलेल्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते: डोळ्यांना पांढराशुभ्र दिसलेला बर्फ फोटोत मळकट आला. या ‘मळकट’मध्ये दोन वेगळी दुखणी असतात. एकात बर्फ राखाडी येतो, दुसऱ्यात निळा. आणि बहुतेक जण दोन्हींवर ब्राइटनेस वाढवून मोकळे होतात.

राखाडी बर्फ हा एक्सपोजरचा, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो त्याचा मामला. समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकतंय, असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के फेकतो. एवढा उजेड पाहून मीटर बिचकतो आणि फोटो अंधारा करतो. बर्फाचं एकवेळ चालेल, पण भाड्याचे गमबूट चढवून हौसेनं उभ्या राहिलेल्या आईचा चेहरा काळवंडला तर घरी ऐकून कोण घेणार! एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेल्यापेक्षा फोटो उजळ किंवा अंधारा करायची सोय) +१ ते +२ करा. फ्रेममध्ये बर्फ जास्त, तर आकडाही जास्त. फोनवर चेहऱ्यावर टॅप करून एक्सपोजर वर सरकवा. कडक उन्हात मात्र +१ वरून हळूहळू चढा. हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाची (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) टेकडी उजवीकडे जावी, उजव्या कडेला चिकटू नये. चिकटली की वाऱ्यानं उमटवलेल्या लाटा, स्कीच्या रेघा सगळं पुसलं जातं.

निळा बर्फ हा व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो त्याचा. सावलीतल्या बर्फावर थेट ऊन नसतं, निळ्या आभाळाचाच प्रकाश असतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका प्रकाश निळा: दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, सावली ७००० च्याही वर. आपले डोळे हा फरक गुपचूप सांभाळून घेतात. कॅमेऱ्याचा ऑटो मोड कधी घेतो, कधी नाही. इथं +२ केलंत तर बर्फ नुसता उजळ निळा होईल. व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर न्या, किंवा केल्विन ७००० च्या आसपास ठेवा.

ढगाळ दिवशी दोन्ही दोष एकदम येतात. तेव्हा आधी एक्सपोजर नीट करा; अंधाऱ्या फोटोत निळेपणा किती खरा, हे कळतच नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेला मूळ फोटो) असेल तर व्हाइट बॅलन्स घरी येऊन निवांत बदलता येतो. जळालेला, म्हणजे तपशील पुसून नुसता पांढरा झालेला बर्फ मात्र रॉमधूनही परत येत नाही, त्यामुळे जागेवर काळजी घ्यायची ती एक्सपोजरची.

आणि सगळा निळा घालवायच्या मागे लागू नका. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८६८-६९ च्या हिवाळ्यात नॉर्मंडीचा बर्फ रंगवला, त्यातही सावल्या निळसरच आहेत. अर्धी फ्रेम उन्हात, अर्धी झाडांच्या सावलीत असेल, तर मी व्हाइट बॅलन्स उन्हाचाच ठेवतो. सावली पांढरी करायला गेलं की उन्हातला बर्फ पिवळा पडतो, आणि पिवळ्या बर्फाइतकं वाईट काही दिसत नाही.