जठराची शस्त्रक्रिया आणि लहान आतड्याचा ताल

जळगाव असो की धुळे, जठराची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेपाशी सकाळी हमखास विचारले जाते, "बाबा, वारा सरला का?" आतडी कामाला लागल्याची ही खूण खरी, पण ती मुख्यतः मोठ्या आतड्याची असते. शस्त्रक्रियेतील हाताळणी, दाह आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांमुळे सारी पचननलिका थबकते. त्यातून लहान आतडे बहुधा पहिल्या २४ तासांतच हलू लागते, जठराला २४ ते ४८ तास लागतात आणि मोठे आतडे ४८ ते ७२ तासांनी पूर्वपदावर येते.

काही रुग्णांचा त्रास मात्र त्यानंतर, घरी गेल्यावर सुरू होतो. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप अन्न थोडे थोडे करून आतड्यात सोडते. ती काढली किंवा वळसा घालून टाळली, की हा आवर सुटतो. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि वाटीभर आमरस पोटात गेला, तर एवढी साखर एकदम लहान आतड्यात उतरते, रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते, आतडे फुगून जोरात आकुंचन पावते आणि अर्ध्या तासाच्या आत कळा, जुलाब, घाम, धडधड सुरू होते. एक ते तीन तासांनी, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवल्यामुळे, रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरू शकतात. घरचे म्हणतात, जेवण बाधले. अशा माणसाला सणाच्या पंगतीत आग्रह करू नये, असे मला मनापासून वाटते. थोडे थोडे खाणे, गोड टाळणे आणि पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने पिणे, एवढ्यानेही बहुतेकांना बराच आराम पडतो.

याच्या उलट त्रासही होतो. लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, मिनिटाला सुमारे १२ विद्युत लहरी उठतात आणि पुढच्या आतड्याला ताल देतात. रू-एन-वाय पद्धतीत आद्यांत्राच्या पुढचे आतडे कापून त्याचे खालचे टोक उरलेल्या जठराला जोडतात, त्यामुळे पित्त जठरात चढत नाही; पण त्या छेदाने आद्यांत्राकडून येणारा तालही तुटतो. जोडलेला भाग मग स्वतःचा, अधिक संथ ताल धरतो आणि त्यातल्या काही लहरी उलट्या, जठराच्या दिशेने धावतात. अशा काही रुग्णांना चार घास कळण्याची भाकरी खाल्ली तरी पोट तुडुंब वाटते, मळमळते, उलटी होते, आणि दुर्बिणीतून पाहिले तर वाट कुठेही अडलेली दिसत नाही.

यावर उपाय म्हणून काही शल्यविशारद आतडे न कापता केवळ स्टेपलच्या ओळीने त्याची पोकळी बंद करतात, म्हणजे भिंतीतून जाणाऱ्या विद्युत लहरी अखंड राहतात. स्टेपलची ती ओळ काही रुग्णांत पुढे उघडते आणि पित्त पुन्हा जठराकडे वळते, ही या पद्धतीची अडचण आहे.