गिअरबॉक्स खोलण्याआधी एक कनेक्टर उघडा

मावसभावाची ऑटोमॅटिक गाडी आंबा घाट चढताना एकाच गिअरमध्ये अडकली. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडला, इंजिनचा पिवळा दिवा लागला. रखडत कसंबसं कोल्हापूर गाठलं, तर पहिल्याच गॅरेजात सांगितलं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल." खर्च ऐकून त्याला रात्रभर झोप नव्हती. बिघाड निघाला अंगठ्याएवढ्या स्पीड सेन्सरच्या कनेक्टरमध्ये.

पूर्वी पद्मिनीत किंवा मारुती 800 मध्ये गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत केबल असायची, ती फिरली की काटा हलायचा. आता ते काम सेन्सरकडे आलंय. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर बहुधा दोन सेन्सर असतात. एक इंजिनकडून आत येणाऱ्या शाफ्टचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, फेरे मोजतो, दुसरा चाकांकडे बाहेर जाणाऱ्याचे. आत मिनिटाला 3000 आणि बाहेर 1500 फेरे असतील, तर गुणोत्तर 2. हे गणित चालू गिअरशी जुळलं नाही की कॉम्प्युटरला शंका येते, आतले क्लच घसरताहेत की काय? मग जास्त नुकसान नको म्हणून तो एकच गिअर धरून ठेवतो. यालाच लिंप मोड म्हणतात. म्हणजे घाटात अडकलेली गाडी खरं तर स्वतःला सांभाळत होती.

सेन्सर मोजतो कसा? शाफ्टबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. त्याला 40 दाते असले आणि शाफ्ट मिनिटाला 1500 फेरे घेत असला, तर सेन्सरसमोरून सेकंदाला 1000 दाते जातात. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि तारेची गुंडाळी असते. दाता जवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेलं हेच ते तत्त्व. वेग कमी झाला की हा संकेत क्षीण होतो. दुसरा प्रकार हॉल सेन्सरचा. 1879 मध्ये एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर चुंबकीय क्षेत्र लावलं, तेव्हा वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज मिळाला. त्यावरचा हा सेन्सर अगदी हळू फिरणारं चक्रही ओळखतो.

गाडीच्या कॉम्प्युटरला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की P0715 (आतला शाफ्ट), P0720 (बाहेरचा) किंवा P0500 (गाडीचा वेग) असा कोड मिळतो. इथेच बहुतेक जण चुकतात आणि लगेच सेन्सर मागवतात. कोड सर्किटबद्दल बोलतो, आणि सर्किटमध्ये वायर, पिना, कनेक्टर सगळंच आलं. उंदराने कुरतडलेली वायरही हाच कोड देते.

आम्ही गाडी थंड होऊ दिली, कनेक्टरची खिट्टी दाबून तो ओढला. आत पाण्याचे थेंब, आणि एका पिनेवर हिरवट गंज. पावसाळ्यात हे नेहमीचं.

कनेक्टर स्वच्छ असेल तर मल्टिमीटर काढायचा. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मोजून दुरुस्ती पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचा. गुंडाळी तुटली असेल तर मीटर अनंत दाखवतो. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, अशी गुंडाळी फार छळते, म्हणून गरम असतानाही मोजावं. तीन वायरींच्या हॉल सेन्सरचा रोध मात्र मोजत बसू नये, आत इलेक्ट्रॉनिक्स असल्याने त्यातून काही कळत नाही. तिथे इग्निशन चालू करून आधी पुरवठा आणि अर्थिंग तपासायचं, मग चाक फिरवून संकेत वरखाली होतो का ते पाहायचं.

सेन्सर बदलायचाच असेल तर बऱ्याच गाड्यांत एकच बोल्ट असतो. काढल्यावर टोकाकडे नीट बघा. चुंबकाला चिकटलेली करडी, मऊ पेस्ट ही नेहमीच्या झिजेची, ती पुसून टाकायची. चमकणारे तुकडे बोटाला टोचले, तर मात्र गिअरबॉक्स खरोखर खोलावा लागेल. नवा सेन्सर बसवताना नवी ओ-रिंग (रबरी कडी) घालून तिला त्याच गिअरबॉक्सच्या तेलाचं बोट लावायचं, नाहीतर ती फाटते आणि तिथून तेल झिरपतं.

आमचं काम पिना स्वच्छ करून, एक पिन बदलून भागलं. कोड पुसला, स्कॅनर मांडीवर घेऊन मी शेजारी बसलो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा... दोन्ही शाफ्टचे आकडे हिशेबाप्रमाणे बदलत गेले, काटाही हलला.