कंट्रोल (जॅनेट जॅक्सनचा अल्बम)

अमेरिकन गायिका जॅनेट जॅक्सन हिचा तिसरा अल्बम. ए अँड एम रेकॉर्ड्स या कंपनीने तो ४ फेब्रुवारी १९८६ रोजी प्रसिद्ध केला. त्यात नऊ गाणी आहेत. जिमी जॅम आणि टेरी लुईस या जोडीने जॅनेटला सोबत घेऊन त्याची निर्मिती केली. एका गाण्याची जबाबदारी त्यांचा जुना सहकारी मॉन्टी मॉयर याच्याकडे होती. प्रसिद्ध घराण्यातील धाकटी मुलगी ही ओळख मागे पडून जॅनेट स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली ती या अल्बमपासून. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नृत्यसंगीताला नवे वळण लावणाऱ्या अल्बमांतही त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

जॅनेटचा जन्म १६ मे १९६६ रोजी इंडियाना राज्यातील गॅरी येथे झाला. भावंडांत ती सर्वांत धाकटी. तिला समज येण्यापूर्वीच ‘जॅक्सन फाइव्ह’ हा भावांचा संच देशभर गाजत होता आणि घराचा कारभार वडील जोसेफ जॅक्सन यांच्या शिस्तीवर चालत होता. लहान वयातच ती दूरचित्रवाणीवर आली. ‘गुड टाइम्स’ या मालिकेतील पेनी ही आईच्या हातून छळ सोसणारी मुलगी तिने साकारली, पुढे ‘डिफरंट स्ट्रोक्स’ आणि ‘फेम’ या मालिकांतही कामे केली. प्रेक्षकांच्या मनात तिची प्रतिमा तयार झाली ती अशी: गोड, आज्ञाधारक, निरुपद्रवी.

गाण्याकडे ती वळली तीही वडिलांच्या इच्छेने. ए अँड एमशी करार त्यांनीच जुळवून आणला. १९८२ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमला तिचेच नाव होते. अमेरिकेतील अल्बमच्या यादीत तो ६३व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. १९८४ चा ‘ड्रीम स्ट्रीट’ तर १४७व्या क्रमांकापुढे सरकला नाही. दोन्ही अल्बमांत आवाज तिचा असला, तरी गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली होती आणि त्यांची मांडणीही दुसऱ्यांनीच ठरवलेली होती. पहिल्या अल्बमच्या वर्षीच मायकल या भावाचा ‘थ्रिलर’ आला. त्या तेजापुढे बहिणीच्या अल्बमची दखल घेण्यासारखे कोणाला काही वाटले नाही, आणि ते अल्बम आज ऐकताना त्या दुर्लक्षाबद्दल फारशी तक्रारही करता येत नाही.

सप्टेंबर १९८४ मध्ये, अठराव्या वर्षी, तिने घरच्यांना न विचारता गायक जेम्स डिबार्जशी लग्न केले. पुढच्याच वर्षी ते रद्द ठरवण्यात आले. याच काळात तिने दुसरा, अधिक टिकाऊ निर्णय घेतला: आपल्या कामाचे व्यवस्थापन वडिलांकडून काढून घेण्याचा. जॅक्सन कुटुंबात हे सोपे नव्हते. त्यानंतर ए अँड एममधील अधिकारी जॉन मॅक्लेन याने पुढाकार घेतला आणि तिची गाठ मिनियापोलिसच्या दोन तरुण निर्मात्यांशी घालून दिली.

निर्मिती

जॅम आणि लुईस हे गायक-संगीतकार प्रिन्सच्या छत्राखाली वाढलेल्या ‘द टाइम’ या संचातील वादक. १९८३ मध्ये अटलांटात ‘एस.ओ.एस. बँड’ या दुसऱ्या संचाचे ध्वनिमुद्रण करत असताना हिमवादळामुळे ते अडकले, ‘द टाइम’चा कार्यक्रम चुकला आणि प्रिन्सने दोघांना संचातून काढून टाकले. मात्र ज्या कामासाठी ते अडकले होते, त्यातूनच निर्माते म्हणून त्यांचे नाव झाले. दुसऱ्याच्या सत्तेखालून बाहेर पडण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. जॅनेटची अडचण त्यांना चटकन उमगली, यात नवल नाही.

ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये, आपल्या नजरेसमोर व्हावे, अशी जोसेफ यांची इच्छा होती. निर्मात्यांनी ती मान्य केली नाही. काम होईल ते मिनियापोलिसमध्ये, आमच्या ‘फ्लाइट टाइम’ स्टुडिओत, आणि कुटुंबाच्या हस्तक्षेपाशिवाय, ही त्यांची अट होती. १९८५ मध्ये जॅनेट तिथे गेली ती अंगरक्षकांचा ताफा न घेता. या अल्बमची खरी सुरुवात कोणत्याही गाण्यापेक्षा या अटीत आहे. स्वातंत्र्याची भाषा करणारी गाणी पॉपमध्ये त्याआधीही भरपूर होती. ती कुठे, कोणाच्या उपस्थितीत आणि कोणाच्या शब्दांत तयार व्हावीत, याचा निर्णय मात्र गायिकेच्या हाती क्वचितच असे.

सुरुवातीचे काही दिवस स्टुडिओत एक सूरही वाजला नाही. तिघे फिरले, चित्रपट पाहिले, गप्पा मारल्या. वडील, मोडलेले लग्न, पुढे काय करायचे आहे, असे काय काय बोलणे झाले. काम कधी सुरू करायचे, असे जॅनेटने अखेर विचारले, तेव्हा निर्मात्यांनी तिच्यापुढे शब्द लिहिलेला कागद ठेवला. हेच तर आपण बोलत होतो, असे तिच्या ध्यानात आले. काम केव्हाच सुरू झाले होते. आपले आयुष्य गाण्याचा विषय होऊ शकते ही गोष्ट तिला नवी होती. अल्बममधील नऊपैकी सात गाण्यांच्या लेखनात तिचे नाव आहे. आधीच्या दोन अल्बमांतील तिची भूमिका लक्षात घेता हा आकडा फार बोलका आहे.

‘नॅस्टी’ (असभ्य) या गाण्यामागचा प्रसंग तिने पुढे मुलाखतीत सांगितला. मिनियापोलिसमध्ये हॉटेलबाहेर काही पुरुषांनी तिचा पाठलाग करून छेड काढली. धावत जाऊन निर्मात्यांचा आसरा घेण्याऐवजी ती तिथेच उभी राहिली आणि तिने त्यांना माघार घ्यायला लावली. गाण्यात ती असल्या पुरुषाला बजावते, की मला लाडिक नावाने हाक मारायची नाही, माझे नाव जॅनेट आहे. आणि तुला असभ्यच वागायचे असेल, तर तुझ्यासाठी मी मिस जॅक्सन. पॉपमधल्या सर्वाधिक उद्धृत झालेल्या ओळींत या ओळीची गणना होते. ज्या आडनावाच्या ओझ्याखालून ती निघू पाहत होती, तेच आडनाव इथे तिने ढालीसारखे वापरले आहे.

‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’ हे गाणे अल्बममध्ये आले ते अगदी शेवटी. अल्बम पूर्ण झाला असे निर्मात्यांना वाटत असताना मॅक्लेनने आणखी एका ठसकेबाज गाण्याचा आग्रह धरला. जॅम-लुईस यांनी स्वतःच्या अल्बमसाठी राखून ठेवलेल्या धुनांपैकी एक त्याला आवडली आणि ती जॅनेटला मिळाली. हेच पुढे अल्बममधील पहिले सिंगल, म्हणजे सुटे प्रसिद्ध केलेले गाणे, ठरले.

संगीत

अल्बमच्या आरंभी गाणे नसून बोलणे आहे: ही माझ्या आयुष्याचा ताबा मी घेण्याची गोष्ट आहे, असे जॅनेट संथ स्वरात सांगते, आणि मग शीर्षकगीताचा ठेका सुरू होतो. सतराव्या वर्षी मी आईवडिलांचे ऐकत होते, आता माझे मी ठरवणार, असा त्या गाण्याचा आशय. यात आईबापांबद्दल कडवटपणा नाही. मोठे होण्याचा हक्क ती मागत नाही, तो घेतल्याचे कळवते.

ध्वनीच्या बाबतीत अल्बम कणखर आहे. ड्रम मशीनचे धातूसारखे आघात सर्वांत पुढे आणि सिंथेसायझरचे तुटक, कोरडे स्वर त्यांच्या मागे, अशी रचना अनेक गाण्यांत दिसते. जॅनेटचा आवाज मुळात हलका, श्वासाचा. त्या काळच्या दमदार गायिकांच्या पंगतीत तो बसत नाही. जॅम-लुईस यांनी त्याला मोठा भासवण्याचा आटापिटा केला नाही. त्यांनी तो ठेक्याचाच भाग करून टाकला: थोडे गाणे, थोडे बोलणे, मध्येच हुंकार, मध्येच दटावणी. हिप-हॉपचा रोखठोकपणा आणि रिदम अँड ब्लूजची लय यांचा असा मेळ पुढे ‘न्यू जॅक स्विंग’ या नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीत सर्वत्र ऐकू येऊ लागला. तिच्या पूर्वसुरींत ‘कंट्रोल’चे नाव हमखास घेतले जाते.

सगळी गाणी याच तोलाची नाहीत. ‘ही डझन्ट नो आय ॲम अलाइव्ह’ ऐकताना आधीच्या अल्बममधील मुलगी क्षणभर परतल्यासारखी वाटते; ते लिहिण्यात जॅनेटचा सहभाग नव्हता. ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ही तिचे नाही, ते मॉयरचे, पण ते तिला असे चपखल बसते की ऐकणाऱ्याला हा फरक कळू नये. ‘लेट्स वेट अव्हाइल’ या संथ गाण्यात शरीरसंबंधासाठी थोडे थांबू या, असे ती प्रियकराला सांगते. एड्सविषयीची भीती पसरत असतानाच्या काळात ते आले आणि त्या संदर्भात त्याची बरीच चर्चा झाली. ‘नॅस्टी’ आणि हे गाणे वरवर परस्परविरोधी वाटले, तरी दोन्हींत अंतर किती ठेवायचे हे तीच ठरवते.

व्हिडिओ आणि नवी प्रतिमा

एम टीव्हीच्या त्या दिवसांत अल्बमचे अर्धे आयुष्य पडद्यावर घडत असे. जॅनेटच्या नृत्याची जबाबदारी पॉला अब्दुल या तरुण नृत्यदिग्दर्शिकेकडे आली. ती लॉस एंजेलिसच्या लेकर्स या बास्केटबॉल संघाच्या नर्तकींत होती आणि पुढे स्वतः मोठी पॉप गायिका झाली. ‘नॅस्टी’साठी तिला १९८७ चा एम टीव्हीचा नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. ‘व्हेन आय थिंक ऑफ यू’चा व्हिडिओ ज्युलियन टेम्पल याने सलग एकाच दृश्याचा भास होईल असा चित्रित केला.

या सर्वांत ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ वेगळा. डॉमिनिक सेना याचे दिग्दर्शन, बॅरी लॅदर याचे नृत्य. रिकामी गोदामासारखी जागा, आरसा, खुर्ची, मायक्रोफोन. अंगात काळा टी-शर्ट, जीन्स, गुडघ्यांना पट्टे. नायक नाही, नर्तकांचा ताफा नाही. ती सरावाला यावे तशी येते आणि एकटी नाचते. पोशाखाने शरीर दाखवण्यापेक्षा शरीराने काय करता येते हे दाखवण्यावर इथे भर आहे. पॉप गायिकेला पडद्यावर असे काम करताना, घाम गाळताना दाखवणे तेव्हा नवे होते.

यश आणि प्रतिसाद

जुलै १९८६ मध्ये अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यातील पाच सिंगल ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतील गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत आले, आणि ‘व्हेन आय थिंक ऑफ यू’ने ऑक्टोबरमध्ये अव्वल स्थान मिळवले. ते तिचे पहिले अव्वल गाणे. मायकल आणि जॅनेट ही त्या यादीत स्वतंत्रपणे शिखर गाठणारी पहिली भावंडे ठरली. अल्बमला ग्रॅमीच्या सर्वोत्कृष्ट अल्बमसाठी नामांकन मिळाले. तो पुरस्कार हुकला, मात्र जॅम आणि लुईस वर्षातील सर्वोत्कृष्ट निर्माते ठरले. अमेरिकेत अल्बमला पाच वेळा प्लॅटिनम प्रमाणपत्र (प्रत्येकी दहा लाख प्रतींसाठी) मिळाले.

एक आक्षेप तेव्हापासून घेतला जातो: स्वातंत्र्याची घोषणा करणारा हा अल्बम घडवला तो दोन पुरुष निर्मात्यांनी, मग ताबा नक्की कोणाचा? प्रश्न रास्त आहे, परंतु तो विचारताना पुरुष गायकांच्या निर्मात्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. शिवाय जॅनेटने कधीही सर्व काही एकटीने केल्याचा दावा केला नाही. आपली माणसे तिने निवडली, आपली कहाणी त्यांच्यासमोर मांडली, आणि लेखनाचे व निर्मितीचे श्रेय स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले.

नंतरचा काळ

यशानंतर कंपनीला याच धाटणीचा दुसरा अल्बम हवा होता. जॅनेटने नकार दिला आणि त्याच निर्मात्यांसोबत वंशभेद, दारिद्र्य, व्यसनाधीनता अशा विषयांवरचा ‘रिदम नेशन १८१४’ हा अल्बम केला. तो १९८९ मध्ये आला आणि त्यातील सात गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत पोहोचली. ‘कंट्रोल’च्या वेळी तिने दौरा केला नव्हता, तिचा पहिला जागतिक दौरा १९९० चा, आणि त्यात या अल्बममधील गाण्यांना मोठे स्थान होते. १९९१ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सशी तिने केलेला करार त्या काळातील सर्वांत मोठ्या करारांपैकी होता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन यांच्यासाठी ‘नॅस्टी’ हे विशेषण वापरले. त्यानंतर लगेचच तीस वर्षांपूर्वीचे हे गाणे स्पॉटिफायवर एकाएकी जोरात ऐकले जाऊ लागले. जॅनेटचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये २०१९ मध्ये समावेश झाला, जॅम आणि लुईस यांचा २०२२ मध्ये.