सौर पेटी-चूल : घरगुती बांधणी आणि उष्णतारोधकांची चाचणी

सौर पेटी-चूल म्हणजे काचेतून आलेले ऊन आतल्या आत अडकवून त्यावर अन्न शिजवणारी बंद पेटी. एकात एक बसणारी दोन खोकी, त्यांच्या मधल्या फटीत भरलेले उष्णतारोधक, काळा रंग दिलेला तळ, वर काचेचे झाकण आणि काचेवर ऊन पाडणारा परावर्तक, एवढाच तिचा पसारा. पुठ्ठ्याची खोकी असली तर ती एका दिवसात बांधून होते. ती नीट तापते का, हे ठरवायला मात्र बरेच दिवस उन्हात काढावे लागतात.

जिनीव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये अशा पेट्यांचे प्रयोग सुरू केले. आतून काळे बूच लावलेल्या आणि वर तीन काचा बसवलेल्या त्यांच्या लाकडी पेटीत तापमान सुमारे १०९° से. पर्यंत चढले. पुढे १८३० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पेटीभोवती वाळू रचून तिच्यात अन्न शिजवले. कोरडी वाळू तशी साधारणच रोधक, पण थर जाड असला की तीही चालते.

लोकर, पेंढा, भाताचे तूस, लाकडाचा भुसा, चुरगळलेली रद्दी, काचलोकर, थर्मोकोल ही नावे वेगळी असली तरी काम एकच करतात : हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवणे. स्थिर हवेची उष्णता संवाहकता, म्हणजे उष्णता किती सहज पुढे जाते याचे माप (आकडा जितका कमी तितका रोधक चांगला), सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असते. लोकर, काचलोकर आणि थर्मोकोल ०.०४ च्या आसपास येतात, पेंढा, तूस आणि भुसा साधारण ०.०५ ते ०.०८ मध्ये. फट रिकामी ठेवली तर हवा फिरू लागते आणि तिचा गुण वाया जातो. उलट रद्दीचा गठ्ठा तसाच ठासून बसवला तर हवेला जागाच उरत नाही. कागद एकेक चुरगळून, सैल बोळे करून भरावा. पाण्याची संवाहकता हवेच्या वीसपटीहून जास्त असल्याने ओले रोधक जवळजवळ निकामी समजावे. भांड्यातली वाफ सांध्यांतून भुशात शिरते आणि पहिल्या दिवशी उत्तम तापलेली पेटी चौथ्या दिवशी मंदावते. म्हणून आतल्या खोक्याचे सांधे पट्टीने बंद करून त्यावर ॲल्युमिनियमचा कागद लावतात.

थर्मोकोलबद्दल जरा सावध राहावे. आकडे पाहिले तर तो पहिल्या रांगेत बसतो, पण १००° से. च्या जवळ तो मऊ पडतो आणि त्याआधीही दीर्घकाळ तापला तर आकसतो. आतल्या भिंतीला टेकलेला तुकडा काही दिवसांनी काढून पाहिला तर कडा गोलावलेल्या आणि मधे खळगा पडलेला दिसतो. तो वापरायचाच असेल तर बाहेरच्या बाजूला ठेवून आत लोकरीचा किंवा कागदाचा थर द्यावा. काचलोकर उष्णतेला दाद देत नाही, पण तिचे तंतू त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात, त्यामुळे ती पूर्ण झाकलेलीच हवी.

रोधकाला गरजेपेक्षा जास्त श्रेय मिळते, हे एका हिशोबातून दिसते. पेटीचे तोंड ०.५ × ०.५ मीटर, खोली २५ सेंमी., रोधकाची जाडी ५ सेंमी. आणि आतबाहेर ८० अंशांचा फरक धरू. ०.०४ संवाहकतेच्या रोधकातून सुमारे ४८ वॅट निसटतात, ०.०६ च्या रोधकातून ७२. एकेरी काचेतून मात्र साधारण १२० वॅट जातात आणि दुहेरी काच लावली की ते निम्म्यावर येतात. दुसऱ्या काचेमुळे आत येणारे ऊन थोडे घटते, तरीही सौदा फायद्याचाच. महाग रोधक आणण्यापेक्षा दुसरी काच बसवावी आणि साध्या पेंढ्याचा थर दुप्पट जाड करावा.

चाचणीत सर्वांत मोठी चूक म्हणजे आज भुसा आणि उद्या लोकर तपासणे. दोन दिवसांचे ऊन, वारा आणि हवेचे तापमान सारखे नसते. सारख्या मापाच्या पेट्या एकाच वेळी, शेजारी शेजारी मांडाव्यात, प्रत्येकीत त्याच जातीच्या काळ्या भांड्यात सारखेच पाणी ठेवावे आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी. तापमापी पाण्यात बुडालेला हवा. काळ्या तळाला टेकला तर तो भलताच आकडा दाखवतो. अमेरिकन कृषी अभियंत्यांच्या संस्थेच्या एस-५८० मानकात प्रकाश झेलणाऱ्या दर चौरस मीटरमागे ७ किग्रॅ. पाणी घेतात आणि ऊन कमीजास्त असले तरी तुलना व्हावी म्हणून निकाल ७०० वॅट प्रति चौरस मीटर इतक्या उन्हाला जुळवून मांडतात.

फक्त रोधकच जोखायचे असेल तर ऊन लागतच नाही. रात्री प्रत्येक पेटीत सारखे गरम पाणी ठेवावे, काचेवर जाड रजई टाकावी आणि पाणी ८०° वरून ६०° वर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. ही थंड होण्याची चाचणी ढगांच्या लहरीवर अवलंबून नसते, म्हणून तिचे आकडे दिवसाच्या आकड्यांपेक्षा अधिक भरवशाचे. दुसऱ्या रात्री पेट्यांमधले रोधक आपसांत बदलून हीच मोजणी पुन्हा करावी. आकडे रोधकाबरोबर न जाता पेटीबरोबरच राहिले, तर दोष भुशाचा नाही, झाकणाच्या कडेचा आहे. तिथे हात धरला की गरम हवा बोटांना लागते.