भाडे देय होण्याच्या दिवसाचे वाद (नाशिक)

भाडे देय होण्याच्या दिवसाचे वाद : भाड्याची रक्कम दोन्ही पक्षांना मान्य असताना ते कोणत्या तारखेला, कोणत्या महिन्यापोटी आणि महिना भरण्याआधी की भरल्यावर द्यायचे, यावरून घरमालक व भाडेकरू यांच्यात उद्भवणारे तंटे. प्रस्तुत नोंद नाशिक शहरातील राहत्या जागा व दुकानगाळे यांपुरती आहे. शेतजमिनीचा खंड १९४८ च्या कुळकायद्याच्या कक्षेत येतो. त्याचा येथे विचार केलेला नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने योग्य वेळी व योग्य ठिकाणी भाडे द्यावयाचे असते. योग्य वेळ कोणती, हे कलम सांगत नाही. ते करारावर किंवा रूढीवर सोडले आहे. करारात उल्लेख नसल्यास भाडे महिना भरल्यावर देय होते, असे सामान्यतः मानतात. आगाऊ भाड्याची अट असेल तर ती सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. जुन्या नाशकात, म्हणजे भद्रकाली, तिवंधा, दहीपूल, रविवार कारंजा या भागांतील वाड्यांमध्ये, लेखी करार क्वचितच आढळतो आणि पावतीपुस्तक हाच मुख्य पुरावा ठरतो.

पंचांगाचा प्रश्न : जुन्या भाडेवहिवाटींत (भाडेकरू म्हणून जागा धरण्याच्या व्यवस्थांत) महिना पुष्कळदा तिथीने, शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत, धरला जाई. त्यातून अधिक मासाचा पेच निर्माण होई. एकोणीस सौर वर्षांत सात अधिक मास येतात. म्हणजे चांद्र महिन्यांनी मोजल्यास २३५ आणि इंग्रजी महिन्यांनी मोजल्यास २२८ महिन्यांचे भाडे होते. सात महिन्यांच्या भाड्याचा हा फरक कोणाही मालकाला सोडवत नसे, आणि भाडेकरूला धोंड्याच्या महिन्याचे भाडे अन्यायाचे वाटे. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ याच्या कलम २७ ने करार वा रूढी काहीही असली तरी भाड्याची वसुली ब्रिटिश पंचांगानुसारच व्हावी असे ठरवले आणि जुन्या हिशोबाचे रूपांतर कसे करावे हे ठरवण्याचा अधिकार शासनाला दिला.

या कलमाची व्याप्ती मात्र वादग्रस्त राहिली. एका वाचनानुसार भाडेवहिवाटीचा महिनाच बदलला. दुसऱ्यानुसार बदलली ती केवळ आकारणी, आणि वहिवाटीचा महिना पूर्वीप्रमाणे तिथीनेच चालू राहिला. कलमाचे शब्द वसुलीपुरतेच असल्याने दुसरे वाचन अधिक सयुक्तिक दिसते. त्याला व्यावहारिक महत्त्व होते : मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ खालील, भाडेवहिवाट संपवण्याची पंधरा दिवसांची नोटीस वहिवाटीच्या महिन्याअखेरीस संपणे तेव्हा आवश्यक असे, आणि एका दिवसाच्या चुकीने दावा फेटाळला जाऊ शकत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७९ मध्ये व्ही. धनपाल चेट्टियार प्रकरणात भाडे नियंत्रण कायद्याखालील निष्कासनासाठी (भाडेकरूला जागेतून काढण्यासाठी) अशी नोटीस अनावश्यक ठरवली, तेव्हापासून या वादाची धार बरीचशी गेली.

थकबाकीची गणना : १९४७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये मूळ तरतूद अशी, की भाडे महिनेवारी असून रकमेबद्दल वाद नसेल, सहा महिन्यांचे वा अधिक भाडे थकले असेल आणि नोटिशीनंतर महिनाभरात ते चुकते झाले नसेल, तर ताबा द्यावाच लागे. त्यामुळे भाडे ‘महिनेवारी’ आहे का, यावरच निकाल ठरे. भाडेकरूवर वर्षाकाठी देय होणाऱ्या शिक्षण कराचा बोजा असेल तर एकूण भाडे महिनेवारी राहत नाही, असा बचाव वकीलवर्गाने पुष्कळ वापरला. १९८७ च्या दुरुस्तीने तो निष्प्रभ झाला. १९४७ च्या कायद्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २०००) याच्या कलम १५ नुसार मागणीची नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवस दावा लावता येत नाही. दाव्याचे समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढेही नियमित भाडे भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणाने ताब्याचा हुकूम होत नाही.

पैसे दिले, पण कोणत्या महिन्याचे, हा प्रश्न याहून चिवट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ५९ ते ६१ नुसार देणाऱ्याने महिना सांगितला असेल तर रक्कम त्याच महिन्यात जमा धरावी लागते. न सांगितल्यास घेणारा ती कोणत्याही जुन्या, अगदी मुदतबाह्य बाकीतही धरू शकतो. म्हणूनच नुसते ‘भाड्यापोटी’ असे लिहिलेली पावती घेणारा भाडेकरू कायम एक महिना मागे राहतो. वाडा पाडून इमारत उठवण्याचा बेत असला की मालक भाडे घेण्याचेच टाळतो. मग भाडेकरू दरमहा मनीऑर्डर पाठवतो आणि ‘घेण्यास नकार’ हा शेरा जपून ठेवतो. महापालिकेने वाडा धोकादायक ठरवल्यास भाडे थांबते, हा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही.

नव्या वस्तीतील प्रथा : सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींभोवतीच्या आणि सिडकोतील खोल्यांचे भाडे बहुधा सात ते दहा तारखेच्या दरम्यान दिले जाते. याचा संबंध वेतन प्रदान अधिनियम, १९३६ याच्याशी असावा : एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार वेतनकाळ संपल्यावर सातवा, अन्यत्र दहावा दिवस संपण्यापूर्वी द्यावा, असे त्याचे कलम ५ सांगे. गंगापूर रोड, इंदिरानगर येथील सदनिका लिव्ह अँड लायसन्स करारावर दिल्या जातात. त्यांत तारीख, विलंब आकार व अनामत यांचा उल्लेख असतो, आणि करार परवान्याचा असल्याने १९९९ च्या कायद्यातील कलम १५ चे संरक्षण मिळत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत हवा. नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदत कितीही असली तरी नोंदणी लागतेच, तरीही नोंदणी टाळण्यासाठी पडलेली अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा टिकून आहे.

दुकानगाळ्यांची भाडी काही ठिकाणी वार्षिक असून दिवाळी पाडव्याला चुकती होतात. सिंहस्थ काळात पंचवटीत दिल्या जाणाऱ्या तात्पुरत्या खोल्यांचे पैसे बहुधा आधीच घेतले जातात. तेथे तंटा होतो तो अनामतीवरून.